मळ्यातली देवी, मुक्काम म्यानमार

आक्काबाईला फोनमधल्या दोनच गोष्टी येतात. फोटो काढायचा आणि तो मुलाला पाठवायचा. एवढ्यावर तिची देवी हजारो लोकांना माहीत झाली होती, आणि त्याच लोकांनी एका दिवसात ती खोटी ठरवली.

आमची कॉलनी नाशिकला, मखमलाबादच्या पुढे, मळे संपून घरं सुरू होतात तिथली. कुंपणाच्या पलीकडे आक्काबाईचा झेंडू आणि शेवंती. पहाटे तोडणी झाली की तिचे यजमान भिमाजी क्रेट भरून टेम्पोने पंचवटीच्या फूलबाजारात नेतात. पण पहिली ओंजळ विहिरीजवळच्या देवीची. शेंदूर फासलेला दगडाचा तांदळा, त्याला चांदीचे डोळे, वर पत्रा, एवढंच ते ठाणं. पण आक्काबाई फुलं अशी मांडते की मी घरची पूजा उरकून रोज तिकडे डोकावते.

सोशल मीडियावर देवीचं खातं काढलं ते तिच्या मुलाने, जीवनने. 'मळ्यातली देवी, नाशिक' असं नाव दिलं. आई फोटो पाठवायची, तो खाली तिथी आणि फुलांची नावं लिहून टाकायचा. पोरगं आयटीआय करून सातपूरला कारखान्यात कंत्राटावर लागलेलं. दर काही महिन्यांनी कामाला ब्रेक, मग पुन्हा दारोदार. तेवढ्यात कोणी एजंट भेटला. बँकॉकला हॉटेलात कॉम्प्युटरवर बसायचं, राहणं-खाणं फुकट.

निघायच्या आदल्या दिवशी आक्काबाईने देवीला कौल लावला. दोन्ही अंगांना ओलं फूल चिकटवायचं आणि वाट बघायची. उजवं पडलं तर जा, डावं पडलं तर नको. मी तिथेच होते. डावं पडलं.

"वाऱ्यानं पडलं, आई," जीवन हसून म्हणाला. "परत लाव."

"कौल परत लावत नसतात."

"मग वाऱ्याला सांग, तुझ्या पोराची नोकरी घालवू नको." त्याने ते फूल उचलून तिच्या केसांत खोचलं आणि दुसऱ्या दिवशी गेला.

गेल्यावरही फोटोचं काम त्याने सोडलं नाही. "एवढं तरी माझ्याकडं राहू दे," म्हणाला. रोज सकाळी देवी यायची, खाली तिथी, फुलं. आक्काबाई मला विचारायची, "आली का गं वैनी?" मी म्हणायची, आली. मग ती भाकरीला बसायची. मुलगा उठला, बरा आहे, असं त्यातून धरायची. फोन रविवारी यायचा, तोही जरासा.

मार्गशीर्ष लागला. पहिल्याच गुरुवारची पूजा झाल्यावर मी फोन उघडला, तर तिथे वेगळाच धुमाकूळ. त्या अ‍ॅपच्या कंपनीने खात्याच्या माहितीत ते कोणत्या देशातून चालतं, हे दाखवायला सुरुवात केली होती. जो तो दुसऱ्याचं खातं उघडून बघत होता. छाती ठोकणारे देशभक्त भलत्याच देशात निघत होते, गावाकडची म्हणवणारी मुलगी समुद्रापार निघत होती. लोक खदखदा हसत होते. मीही हसले. मग सहज आपल्या देवीचं खातं उघडलं.

तिथे म्यानमार लिहिलेलं होतं.

लोक माझ्या आधीच पोहोचले होते. "आजी, म्यानमारला झेंडू काय भाव?" "मळ्यातली देवी, मुक्काम म्यानमार!" "मला पहिल्यापासून डाउट होता, इतकी फुलं रोज कोण मांडतं?" "देवीच्या नावावर धंदा करतात हरामखोर." "रिपोर्ट करा रे सगळे, उद्यापर्यंत बंद पाडू."

त्या शिव्यांपेक्षा मला भीती वाटली ती त्या देशाच्या नावाची. पेपरात मी वाचलं होतं. बँकॉकला म्हणून नेतात, तिथून नदीपलीकडे पोचवतात, पासपोर्ट काढून घेतात. आपल्याला लुबाडणारे जे फोन येतात ना, ते करायला अशी पोरं कुंपणाच्या आत बसवतात. नाही म्हणणाऱ्याला मारतात.

मी कुंपणाशी गेले. आक्काबाई गजरे ओवत होती.

"जीवन बँकॉकलाच आहे ना गं?"

"व्हय. का?"

"खात्यावर म्यानमार दाखवतंय."

"म्हंजे बँकाकातलीच कॉलनी असंल."

"नाही आक्काबाई. तो दुसरा देश आहे."

तिचा हात थांबला. लोक काय बोलतात ते मी सांगितलं, तिने ऐकलंच नाही. सुईकडे बघत म्हणाली, "वैनी, तो माझ्याशी हिंदी का बोलतो गं?"

"कधी?"

"रविवारी. हां माँ, सब ठीक, खाना खाया. मला वाटलं, मोठ्या शहरात ऱ्हातो म्हून फॅशन." ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "शेजारी बसल्याला कळावं म्हून बोलतो का तो?"

मी भिमाजींना हाक मारली.

भिमाजींनी तर उडवूनच लावलं. "मशीन चुकलं असंल. पोरानं हॉटेलाचा फोटू धाडला व्हता. तुमी बायका उगं जिवाला घोर लावता." पण त्या दिवशी त्यांनी टेम्पो काढला नाही. क्रेट तसेच ओट्यावर राहिले.

सरळ विचारायची सोय नव्हती. फोन दुसरे बघत असतील तर आपल्या प्रश्नापायीच त्याला मार बसायचा. आक्काबाई दुसऱ्या दिवशी उजाडताच देवीपाशी गेली. रोजचे हार घातले नाहीत. उजव्या अंगाला एक शेवंती लावली. डावी बाजू मोकळी ठेवली आणि त्या बाजूचं फूल खाली, पायाशी ठेवलं, तो निघायच्या आदल्या दिवशी पडलं होतं तसं. फोटो काढला आणि रोजच्यासारखा पाठवला. सोबत एक शब्द नाही.

आम्ही दोघी विहिरीच्या कट्ट्यावर बसलो. मी मनात देवीचं नाव घेत फोन खालीवर करत होते. फोटोची वेळ टळून गेली. आक्काबाई पदराचं टोक पिळत होती.

मग फोटो आला. खाली तिथी नव्हती, फुलांची नावं नव्हती. एवढंच होतं: 'आज वारा नाही.'

मी वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं. मग ती देवीसमोर जमिनीवर बसली, आणि तिने पायाशी ठेवलेलं फूल उचलून मुठीत धरलं.

लोकांना चेव आला. "म्यानमारचं हवामान सांगतेय का आजी?" "चला, हवामान खात्यात नोकरी लागली." शेकडो हसरे चेहरे.

मी आक्काबाईला आणि भिमाजींना घेऊन पोलिसांच्या सायबर विभागात गेले. तिथल्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. कौलाचं सांगताना मला वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कळवायचं तिथे आम्ही कळवतो. वेळ लागेल. तोवर फोटो थांबवू नका. पोस्ट येतेय म्हणजे मुलगा आहे आणि फोन त्याच्या हातात आहे, असं धरून चालू. आणि कुठेही काही लिहू नका. ते लोकही वाचत असतील."

हीच भीती पुढे छातीवर बसली. इकडे लोक खातं बंद पाडायला निघाले होते. तक्रार केल्याचे फोटो टाकून एकमेकांना शाबासक्या देत होते. तो एकच धागा होता, आणि तो तोडायला हजारो हात पुढे झाले होते. ते काही गुंड नव्हते. आपल्यासारखेच, घरात देव असलेले, देवीची फसवणूक झाली म्हणून चिडलेले. मी लिहायला घेतलं, 'बाबांनो थांबा, खातं खोटं नाही, एका आईचा मुलगा...' आणि पुसून टाकलं. परत लिहिलं. परत पुसलं. हे जर तिकडे कोणी जीवनसमोर धरलं तर?

आणि एका सकाळी खातं दिसेनासं झालं.

"आली का गं?" आक्काबाईने कुंपणापलीकडून विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. "खातंच नाही आक्काबाई."

लोकांनी बंद पाडलं, की तिकडे कोणाला ती ओळ कळली? कळायला काही मार्ग नव्हता. "गेली एकदाची म्यानमारची देवी," कोणीतरी लिहिलं होतं, आणि लोक पुढच्या खात्याकडे वळले होते. आक्काबाई तरी फोटो पाठवत राहिली. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच बरोबरची खूण यायची. पोचल्याची दुसरी खूण येईना. रविवार आला, गेला. फोन आला नाही. भिमाजी टेम्पो चालवताना रस्त्यातच थांबायचे, पंचवटीच्या बाजारातल्या लोकांनी दोनदा फोन करून आक्काबाईला सांगितलं. आक्काबाई मात्र एकही दिवस चुकली नाही. त्या दिवसांत तिने देवी इतकी सुंदर मांडली, की मला तिकडे बघवेना.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी दुपारी आम्ही फुलं निवडत होतो, तेव्हा तिचा फोन वाजला. परदेशातला नंबर. ती फोनकडे साप बघावा तशी बघत राहिली.

"असला नंबर उचलायचा नाय, जीवननंच शिकवलंय."

"उचल."

"पैसे मागतील. नायतर त्याचं काय झालं ते सांगतील. वैनी, मला नको." फोन वाजून बंद झाला. लगेच परत वाजला. भिमाजी शेतातून धावत आले, पण त्यांनीही हात लावला नाही. शेवटी मी बटण दाबून तिच्या कानाशी धरला.

आधी नुसता गोंगाट. पुष्कळ माणसं, कोणीतरी नावं पुकारतंय. मग आवाज आला.

"आई, मी हाय."

हिंदी नव्हती. आक्काबाईने दोन्ही हातांनी फोन धरला.

"कुठं हायस?"

"नदी वलांडून अलीकडं आलो. इकडं पोलिसांनी एका हॉलात ठेवलंय. लय पोरं हायेत. पासपोर्ट नाय माझ्याकडं. घरी कधी सोडतील, माहीत नाय. आई, ऐक ना, दुसऱ्याचा फोन हाय..."

"मारलं का तुला?"

"आता बरं हाय," म्हणाला, आणि फोन कटला.

मी मॅडमना नंबर कळवला. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे. पण घरी येईपर्यंत आलाच असं धरू नका." हे मी आक्काबाईला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, तिच्या तोंडावर ते दिसतच होतं.

संध्याकाळी ती देवीला हार घालत होती. मी म्हटलं, "कौल लावून बघायचा का? कधी येईल ते?"

तिने ओली शेवंती हातात घेतली, देवीच्या अंगाशी नेली, आणि चिकटवली नाही. फुलांच्या राशीत परत टाकली.

"नको गं वैनी," ती म्हणाली. "डावं पडलं तर?"