गरम पाण्याचे मामा

“आधी पाणी, मंग आग,” म्हणत मामा गिझरच्या टाकीवर बोटाच्या पेराने टकटक करायचे. भरल्या टाकीचा आवाज आला, तरच बटणाला हात.

आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीत मी नर्स. मामा जालन्यातले मिस्त्री, सगळेच त्यांना मामा म्हणत. गाडीतला गिझर त्यांनीच बसवलेला. टाकी एक, पण पाणी तापवायच्या तऱ्हा दोन. गावात वीज मिळाली की आतली कॉइल. नसली की खालचा गॅसचा बर्नर, बॅटरीच्या ठिणगीवर पेटणारा. घाई असली तर दोन्ही. “पण कोरड्या टाकीत कॉइल लावली तर गेलीच समजा, सिस्टर.”

गाडी तपासायला आले की चहासुद्धा ते गाडीभोवती फिरत प्यायचे. धूर बाहेर सोडणाऱ्या जाळीपुढे दहादा हात धरून बघायचे. आम्ही हसायचो.

एका डिसेंबरात भोकरदनकडच्या गावी शिबिर होतं. वीज नव्हती आणि वाऱ्याने बर्नर सारखा विझत होता. ड्रायव्हरने जाळीवर ताडपत्री बांधली, तशी ज्योत टिकली. मी कौतुकाने मामांना फोन केला. “आता विझत नाही बघा. माझंच डोकं जरा जड झालंय.”

पलीकडून मामा ओरडलेच, “गॅस बंद करा! दारं उघडा! समद्यायला बाहेर काढा, जल्दी!”

आत तीन म्हाताऱ्या पायाच्या जखमा धुवून घ्यायला बसल्या होत्या. एकीला उठवलं तर ती माझ्या अंगावरच कलली. गाडीतला ऑक्सिजन बाहेर ओढून तिला लावला. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले आणि विचारलं, “माझी चप्पल कुठंय?” मला रडू फुटलं.

मामा जालन्याहून मोटरसायकलवर आले. आल्या आल्या ताडपत्री ओढून काढली. ड्रायव्हर मान खाली घालून उभा होता. आता याला शिव्या बसणार, असं मला वाटलं. मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“तुला तरी कसं ठाऊक असणार? मलाबी न्हवतं. बहिणीच्या न्हाणीत गॅसचा गिझर मीच लावल्ता. खिडकी न्हवती. ती अंघोळीला गेल्ती... बाहेर आलीच न्हाई.”

मग त्यांनी जाळीपासून वीतभर अंतरावर पत्रा बसवला. वारा अडेल, धूर मात्र मोकळा जाईल असा.

गेल्या वर्षी मामा अचानक वारले. मी मामींना भेटायला गेले, तेव्हा त्यांनी हातपाय धुवायला मागच्या अंगणात नेलं. तिथे उघड्यावर, तीन विटांवर, काळं पातेलं तापत होतं.

“घरात गिझर नाही, मामी?”

“लोकायला लावून देत राह्यले जल्मभर. आपल्या घरात मातर न्हाई,” मामी म्हणाल्या आणि त्यांनी लाकूड पुढे सारलं.