काविळीची माळ आणि तापलेला विळा

आमच्याकडे कावीळ माळेनं उतरवत. झाडाच्या काड्या दोऱ्यात गुंफून केलेली लहानशी माळ डोक्यावर ठेवायची. ती रोज लांबत जाते, अंगावरून खाली सरकते आणि पायांतून निघाली की कावीळ उतरली म्हणायची. माझ्या नवऱ्याची अशी दोनदा उतरवली होती. काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, म्हणून माळ लांबते. खांबाला घातली तरी लांबेल. पण तेव्हा हे कोण बोलणार?

नवरा मेडशीला एसटी थांब्याजवळ शिंपीकाम करायचा. बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. एकदा त्याच्या बोटात सुई गेली. शिंप्याला त्याचं काय? पण रक्त थांबेना. गिऱ्हाइकाचं पांढरं कापड भिजलं. पोट तर आधीच फुगलं होतं, अंगावर निळे डाग उठत होते. मी आणि धाकटा दीर त्याला नागपूरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टर दिराला बाजूला घेऊन हळू बोलू लागले. मी म्हटलं, "मले सांगा. त्याचं सारं मलेच करा लागते."

त्यांनी सांगितलं. कावीळ वरून गेली, तिचे जंतू आत राहिले. वर्षानुवर्षं त्यांनी यकृत नासवलं आणि तिथं कॅन्सर झाला. शिवाय रक्ताचाही कॅन्सर आहे. तो कशानं, हे त्यांनाही सांगता येईना. दोन्ही एकत्र क्वचितच दिसतात म्हणाले. आता बरं होणार नाही. घरी न्या, पण कुठं कापू-टोचू देऊ नका, रक्त थांबणार नाही.

परतताना एसटीत दीर म्हणाला, "एका माणसाले दोन क्यान्सर? असं असते का कुठं, वयनी? दोन असते तर एकमेकालेच खाल्लं असतं."

"मंग तुमी दोघं भाऊ एका घरात कसे राह्यले?"

खिडकीपाशी बसलेला नवरा हसला.

पोटातला गोळा डागल्यानं विरतो, असा आमच्याकडचा समज. आठवड्याच्या आत दिरानं डाग देणाऱ्या म्हाताऱ्याला आणलं. माझ्याच चुलीत विळा तापत ठेवला. नवऱ्याला धरायला भावकीतली माणसं आली.

मी म्हाताऱ्याला विचारलं, "फोड फुटला तर रक्त कोण थांबवीन?"

"माय, डागलं की रक्त जागीच जळते."

"सुईनं कापड भिजलं. हा तर विळा हाये."

दीर चिडला. "मंग काहीच न करता मरू द्याचं? लोक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या. पोट त्याचं हाये, लोकायचं नाही."

नवरा खाटेवरून बघत होता. त्यानं मला विचारलं, "डागल्यानं बरा होतो का मी?"

"नाही," मी म्हटलं.

"आन् नाही डागलं तर?"

"तरी नाही."

तो दिराकडे वळला. "मंग आताच कायले जाळतं रे? दम धर. जाळाचंच हाये."

मी कळशी उचलून चुलीत ओतली. घरभर धूर झाला. म्हातारा खोकत बाहेर गेला, त्याच्यामागं भावकी गेली. दीर दोन-तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही.

नवरा दिवाळीच्या आधी गेला. अंगणात शेवटची आंघोळ घालताना दीरच पाणी ओतत होता. फुगलेल्या पोटावर भाजल्याचा एकही डाग नव्हता. तो तिथंच पाणी ओतत राहिला.

मी म्हटलं, "भाऊजी, पाय राह्यले."