उताराला लावलेली गाडी

बाजारात कुणाच्याही गाडीजवळ गेले की काकाजी आधी मालकाला नमस्कार करत नसत. गाडीभोवती एक फेरी मारत, उकिडवे बसून चाकाखाली दगड आहे का ते पाहत, आणि उठताना गुडघे झटकत म्हणत, "तोंड कोनीकडं हाये, ते पाहा जी आधी."

तोंड म्हणजे गाडीचं तोंड. ते उताराकडे असलं की काकाजींच्या लेखी त्या गाडीचा निकाल लागलेला असे. ज्याला स्टार्टरचा भरवसा नाही तोच गाडी उताराला लावतो. ऐन वेळी दगड काढला, ब्रेक सोडला, की ती आपल्याच वजनाने घरंगळते आणि चालू होते. तुमच्याही गल्लीत अशी एखादी गाडी उभी असेल. तुम्ही तिच्याकडे कधी त्या नजरेने पाहिलं नसेल, एवढंच.

काकाजींनी जवाहरनगरला फॅक्टरीची बस आयुष्यभर चालवली आणि निवृत्त झाल्यावर सानगडीला, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, माझ्या शेजारी येऊन राहिले. बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी आंधळगावला दिलेली. मी इथल्या शाळेत गणित शिकवतो. स्वभावाने तापट आहे, आणि छापून आलेल्या आकड्यावर माझा फार जीव. काकाजींचा एक संविधान सोडलं तर कुठल्याच छापील गोष्टीवर पटकन विश्वास बसत नसे. त्यामुळे आमचं रोज वाजायचं.

मला गाडी हवी होती, पण मिरवायला नाही. माझ्या बायकोला दमा आहे. धान कापून मळणी सुरू झाली की हवेत भुसकट उडतं आणि हिचा श्वास अडतो. मागच्या खेपेला डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "पुन्हा इतका उशीर करू नका." साकोली काही दोन पावलांवर नाही. ॲम्ब्युलन्स बोलावली तरी तिला आधी तिकडून यायचं, मग परत जायचं. म्हणून किल्ली फिरवली की चालू होईल, अशी गाडी मला हवी होती. बाकी ती निळी असो की पिवळी.

मी महिनाभर मोबाईलवर गाड्यांचे स्टार वाचले. कोणती गाडी किती भरवशाची, याचे तक्ते वहीत उतरवले. काकाजी ओट्यावर बसून पाहत असत.

"हे स्टार कोन देते?"

"हजारो मालकांना विचारून देतात, काकाजी."

"मंग झालं!" ते हसले. "मालक कधी आपल्या गाडीची बुराई करते काय? त्यानं पसंत केली, नारळ फोडला, साऱ्या सोयऱ्याईले दाखवली. आता कोन्या तोंडानं सांगन का फसलो म्हनून?"

"हजारातले शंभर खोटं बोलले तरी सरासरी खरीच निघते."

"अन् हजारही खोटं बोलले तं?"

मी चिडलो. "तुम्ही तरी किती गाड्या पाहता? बाजारातल्या वीस!"

"वीसच पाहतो," काकाजी म्हणाले. "पन पाहतो."

एकदा त्यांनी मला मुद्दाम बाजारात नेलं. एक ओळखीचा व्यापारी आपल्या गाडीला टेकून उभा होता. कशी आहे विचारल्यावर म्हणाला, "एक नंबर! हात लावाचं काम नाही." काकाजी शांतपणे म्हणाले, "मंग उताराले काहून लावली जी?" व्यापाऱ्याचं तोंड पडलं. आत बसलेली त्याची बायको मात्र पदर तोंडाला लावून इतकी हसली, की आम्हाला पुढे काही विचारावं लागलं नाही.

आपल्या गाडीला नावं ठेवणारा मालक मी एकच पाहिला, तो म्हणजे स्वतः काकाजी. त्यांची गाडी जुनी, रंग उडालेली. "पावसात गळते. हॉर्न मर्जी आली तं वाजते. दुसऱ्या गिअरले शिवी देल्याबिगर तो पडत नाही," असं ते कुणालाही सांगत. पण ती एका किल्लीत चालू व्हायची आणि सपाट जागेवर उभी राहायची.

शेवटी मी भरपूर स्टारवालीच गाडी घेतली. काकाजींनी फेरी मारली आणि "बेस हाये" म्हणाले. पहिले काही महिने ती बेसच होती. मग एका सकाळी किल्ली फिरवली तर नुसती टकटक. पाच मिनिटांनी चालू झाली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. शोरूमला नेली की तिथे शहाण्या मुलासारखी वागायची. ते म्हणाले, काही दोष नाही.

आता माझं सांगतो. त्याच आठवड्यात मोबाईलवर निरोप आला, तुमच्या गाडीला किती स्टार द्याल? मी पाचपैकी पाच दिले. का दिले? महिनाभर तक्ते लिहून मी ती निवडली होती, आणि गणिताचा मास्तर चुकला असं मला स्वतःलाच ऐकायचं नव्हतं. पुढे काकाजींच्या जावयाचा आंधळगावहून फोन आला. "गुरुजी, मी बी हेच गाडी पाहून राहिलो. कशी हाये?" मी म्हणालो, "एक नंबर. काहीच त्रास नाही."

आणि त्या दिवसापासून मी गाडी पाळीच्या उतारावर लावू लागलो. तोंड खाली, पुढच्या चाकाला दगड. काकाजी रोज तिथून जात. काही बोलले नाहीत. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या लक्षात आलं नाही.

दिवाळीनंतरची दुपार होती. पलीकडच्या शेतात मळणीयंत्र घरघरत होतं. शाळेतून आलो तर ही दाराच्या चौकटीला धरून उभी. हातात पंप, तो तीनदा मारून झालेला. छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता आणि ओठांचा रंग गेला होता. "अजी..." एवढंच म्हणाली. मी तिला गाडीत बसवलं आणि किल्ली फिरवली. टक, टक, टक. दगड काढला, ब्रेक सोडला. गाडी उतारावरून निघाली, मी गिअर टाकून क्लच सोडला. एक हिसका बसला आणि गाडी खाली येऊन मुकाट उभी राहिली. मागे हिची शिट्टी आता ऐकू येईनाशी झाली होती, आणि ते जास्त भयंकर होतं.

वर पाहिलं तर समोर काकाजींची गाडी. तोंड रस्त्याकडे, इंजिन चालू, मागचं दार उघडून धरलेलं.

"इकडं आना बाईले. लवकर!"

साकोलीपर्यंत ते तिच्याशीच बोलत होते. "बाई, तुमी बोलू नोका, निस्त्या ऐका. आता मोहाचं झाड आलं. गेलं. आता पूल हाये. झाला पूल. आता निस्तं जंगल, मंग गाव." मी तिचा हात धरून बसलो होतो. तिची बोटं प्रत्येक खुणेला जराशी हलत. एका पुलाला हलली नाहीत, तेव्हा मी ओरडलो. काकाजी मागे न पाहता म्हणाले, "गुरुजी, तुमी चूप बसा. बाई ऐकून राहिल्या."

ती वाचली. ऑक्सिजन लागल्यावर अर्ध्या तासाने तिने डोळे उघडले. बाहेरच्या बाकावर मी विचारलं, "तुमची गाडी तिथं कशी उभी होती?"

"तुमची पाळीवर दिसली, तवापासून माही खाली लावून राहिलो. यंत्राचा आवाज आला का जाऊन बसतो."

"मले बोलले काहून नाही?"

"मालकाले काय इचारायचं?" ते म्हणाले. मग थोडं थांबून, "जावयाले एक फोन लावा. माहं तो ऐकत नाही, मी म्हातारा ड्रायव्हर. तुमी गुरुजी, अन् त्या गाडीचे मालक. खरं काय ते सांगून टाका."

मी हो म्हणालो. आणि फोन केला नाही. आज दवाखाना, उद्या पेपर तपासणी, अशी कारणं मला भरपूर सापडली. खरं कारण लाज. मी बॅटरी बदलून घेतली आणि मनाची समजूत घातली की दोष तेवढाच होता. काकाजींनी पुन्हा एकदा विचारलं, "लावला काय जी फोन?" मी म्हणालो, "हो, बोललो." ते म्हणाले, "बेस झालं." पुढच्या आठवड्यात जावयाने हार घातलेल्या नव्या गाडीचा फोटो मला पाठवला. खाली लिहिलं होतं, तुमच्यामुळे. मी त्याला अंगठा पाठवला.

थंडीत काकाजी लेकीकडे चार दिवस राहायला निघाले. एसटीने. आपल्या गाडीची किल्ली त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिली. "राहू द्या बाई. अजून मळणी सुरू हाये."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या छातीत दुखू लागलं. भंडाऱ्याला पोचेपर्यंत ते गेले होते.

मी आंधळगावला गेलो तेव्हा जावई खाली मान घालून बसला होता.  मी विचारलं, "गाडीनं नेलं ना?"

"हो जी. गाडीचं काही म्हननं नाही. एक नंबर हाये. तुमी सांगतली होती तशीच."

पाणी प्यायचं निमित्त करून मी बाहेर आलो. त्यांचं घर रस्त्यापेक्षा उंचावर आहे, अंगणातून रस्त्यापर्यंत मुरमाचा उतार. त्या उतारावर गाडी उभी होती. तोंड रस्त्याकडे. मी उकिडवा बसलो. पुढच्या चाकाखाली दगड होता, आणि रोजच्या रोज ठेवून त्याच्याखालचा मुरूम बोटभर दबला होता. काकाजींनी हे आल्या दिवशीच पाहिलं असणार. जावयाला कुणी फोन केला नव्हता, हेही त्यांना तिथेच कळलं असणार.

मी आत गेलो आणि जावयासमोर बसलो. "मी तुमाले खोटं सांगतलं होतं," म्हणालो. "माही गाडी आधीच त्रास देत होती. अन् काकाजींनी खरं सांगाले लावलं होतं, तरी फोन केला नाही."

त्याने अंगणातल्या गाडीकडे पाहिलं. मग आतल्या खोलीतल्या बायकोला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "त्या सकाळी उतारावरून सोडली, तरी चालू नाही झाली जी. मंग चौघांनी धक्का मारला."