घरातला शेवटचा अँड्रॉइड

घरातला शेवटचा अँड्रॉइड माझ्याकडे उरला तेव्हा सगळ्यांना माझी कीव आली होती. आजही ते दिवस आठवले की मला हसू फुटतं, आणि हसू दाबायची सवय मी सासरी येतानाच माहेरी ठेवून आले.

आमची वस्ती तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडे. तिघे भाऊ शेजारीशेजारी राहतात. चुली वेगळ्या, विहीर सामाईक. थोरले दीर, मधले दीर आणि धाकटा माझा नवरा, जो रांजणगावला कंपनीत शिफ्ट करतो. सासरे, म्हणजे आबा, तिन्ही घरी जेवतात आणि तिन्ही घरच्या कालवणाला नावं ठेवतात.

आयफोन पहिला आणला मधल्या दिरांनी. पुण्याहून आले ते फोन हातात धरूनच, खिशात ठेवला तर दिसणार कसा! मग थोरल्यांना चैन पडेना. मोठा भाऊ साधा फोन वापरतो म्हटल्यावर भावकीत काय इज्जत राहणार? त्यांनी शिरूरच्या दुकानात जुना फोन एक्स्चेंजला टाकला आणि मधल्यांपेक्षा वरचं मॉडेल आणलं. पाठोपाठ जावांनी हट्ट धरून घेतले. शेवटी माझा नवराही हप्त्यावर घेऊन आला आणि डबी उघडताना मला म्हणाला, "श्वास रोखून बघ."

मी नेहमीसारखाच श्वास घेत बघितलं.

तेव्हापासून जेवताना दुसरा विषय नाही. कुठल्या फोनचा जगात खप जास्त, कोण कुणाला मागं टाकणार, यावर तिघे भाऊ निवडणुकीच्या निकालासारखे भांडायचे. आमच्या तीन घरांपुरता निकाल तर लागलाच होता. आयफोनचं बहुमत, आणि विरोधी बाकावर मी एकटी. माझा फोन भावानं भाऊबीजेला यवतच्या दुकानातून घेऊन दिलेला. एक कोपरा तडकलेला, पण खणखणीत चालणारा. लग्नाकार्यात फोटो काढायला मी तो वर केला की मधली जाऊ म्हणायची, "तू राहू दे गं, तुझ्यात आम्ही काळ्या येतो."

माझं माहेर खुटबावचं. फुलं मला लहानपणापासून कळतात. इथं नवऱ्याच्या वाटणीत बांधाकडेची एक पट्टी होती, तिच्यात मी शेवंती लावली. रोपं जोमदार आली, पण पाण्याचं रडगाणं होतं. विहिरीच्या पाळ्या उसाला ठरलेल्या, फुलाला पाळीच नाही. ऊस भिजून लाईट उरली तर माझ्या पट्टीला पाणी. लाईट कधी उरते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कळी धरायच्या वेळेला पाणी तुटलं तर फूल बटणाएवढं राहतं आणि बाजारात कुणी ढुंकून बघत नाही. मला त्या पट्टीला स्वतःची पाळी हवी होती, बाकी काही नको होतं.

मागायची कशी, हा प्रश्न होता. आमच्यात थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. बोलायचंच झालं तर हवेत बोलतो. मी समोर उभी असले तरी थोरले खांबाकडे बघून म्हणायचे, "चहा झाला असंल तर कुणीतरी द्या म्हणावं." इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही हाक मारली नव्हती. मी नवऱ्याकरवी पाळी मागितली, तर उत्तरही नवऱ्याकरवीच आलं: "फुलाबिलाला कुठं पाळी असती व्हय?" त्या दिवशी मी भाकऱ्या इतक्या जोरात थापल्या, की आबा बाहेरून ओरडले, "परात फुटंल!"

विहिरीवर मोबाईलवर चालणारा स्टार्टर होता. थोरल्यांकडे साधा अँड्रॉइड असतानाच शिरूरच्या एका मिस्त्रीनं तो बसवला होता. फोनवर ॲप उघडायचं, लाईट आली की नाही ते दिसतं, बटण दाबलं की मोटार चालू. त्याच्या जिवावर विहिरीकडे जाणंच बंद झालं. मग थोरल्यांना वाटलं, पायवाट उगाच कशाला मोकळी ठेवायची? त्यांनी त्या वाटेवरही ऊस लावला. विहीर चारी बाजूंनी उसात बुडाली आणि कुणाला काही वाटलं नाही.

वाटलं ते पावसानं उघडीप दिल्यावर. सगळ्यांचे नवे फोन झडीतच आले होते, तेव्हा मोटार लागलीच नव्हती. सकाळी लाईट आली आणि थोरल्यांना ॲप सापडेना. नव्या फोनवर शोधलं, मधल्यांनी शोधलं, माझ्या नवऱ्यानंही शोधलं. शेवटी थोरल्यांनी मिस्त्रीला फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"त्यात न्हाई चालायचं, आप्पा. आपलं ॲप अँड्रॉइडलाच हाय."

"का बरं? एवढा महागाचा फोन हाय!"

"आयफोनवाले शेतकरी हायतच किती? सगळं गिऱ्हाईक अँड्रॉइडचं. तुमच्या एका वस्तीसाठी कोण बनवनार?"

मी पदर तोंडाला लावला. तिकडे जगात कोण पुढं असेल ते असो, उसाच्या फडात माझा पक्ष निवडून आला होता.

तिघे भाऊ हातानं मोटार चालू करायला उसात शिरले. उसाची पाती कशी कापतात हे त्यांना मी सांगायला नको होतं, पण विसरले असावेत. परतले तेव्हा हाताला, मानेला ओरखडे, अंगभर उसाची खाजरी कूस. मोटार चालू केली आणि तिघे घरी पोचेपर्यंत लाईट जाऊन परत आली. म्हणजे पुन्हा उसात.

"एखादा साधा फोन घिऊन टाका की," आबा म्हणाले.

"दोन-दोन फोन घिऊन हिंडू? लोक काय म्हणतील?" मधले म्हणाले.

आबा मजेत तंबाखू मळत बसले होते. "मंग धाकलीकडं हाय की तसला."

थोरले खांबाकडे बघून म्हणाले, "फोन देऊन टाका म्हणावं. दुसरा घिऊन देऊ."

मीही त्याच खांबाकडे बघितलं. "फोन मिळायचा न्हाई म्हणावं, भावाची भेट हाय. मोटार मी चालू करून दीन. पर शेवंतीला पाळी पायजे. उरलंसुरलं पानी नगं, ठरल्याली पाळी."

नवऱ्यानं डोळे मोठे केले. थोरले उठून गेले. त्या रात्री नवरा म्हणाला, "जरा जास्तच झालं." मी म्हटलं, "कमीच झालं," आणि कूस बदलून झोपले. पण मला ठाऊक होतं: थोरले खरंच हट्टाला पेटले असते आणि कुणीच पाणी दिलं नसतं, तर सगळ्यांत आधी माझीच कळी जळाली असती.

पुढचे काही दिवस ते रोज उसात शिरत राहिले. मग एका सकाळी माझ्या दारात आले. ओरखड्यांवर हळद लावलेली. हातात तो चकचकीत आयफोन. इकडे-तिकडे बघितलं, पण माझ्या दारात खांबच नाही. मग त्यांनी माझं नाव घेतलं. नुसतं नाव, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ते त्यांना ठाऊक होतं, याचंच मला नवल वाटलं.

"पाळी तुझी. आबाम्होरं सांगतो. घे ते ॲप तुझ्यात."

स्टार्टर त्यांच्या नंबरावर होता, त्यामुळे माझ्या फोनवर ॲप घेताना त्यांच्याकडे ओटीपी आला. तो त्यांना मलाच वाचून दाखवावा लागला. एक-एक आकडा ते म्हणत गेले, मी दाबत गेले. एवढं लांबलचक संभाषण आमच्यात आजवर झालं नव्हतं. तडकलेल्या काचेत हिरवं बटण उगवलं. पाळी उसाची होती, म्हणून मी पहिलं पाणी त्यांच्याच उसाला सोडलं. हक्काचं आहे ते देणार, आणि माझं आहे ते घेणार. लांबून मोटारीचा आवाज आला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी दारातच टाळी वाजवली. थोरले दचकले आणि मग हसले.

माझ्या पाळीच्या दिवशी शेवंतीत मी स्वतः दारं धरली. एकेक वाफा भरताना पाण्याबरोबर पुढं चालत गेले, चिखलात पाय रुतवत. कळी टपोरी झाली. दसऱ्याला टेम्पोत फुलं चढवली तेव्हा सगळी वस्ती बघायला आली. थोरल्यांनी आयफोनवर फोटो काढला. खरंच चांगला आला, खोटं कशाला बोलू?

टेम्पो गेला आणि मी हात धूत होते, तेवढ्यात पलीकडच्या अंगणातून त्यांनी माझं नाव घेऊन हाक मारली, अगदी मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत.

"लाईट आली का बघ गं! उसाला सोडायचं हाय."

मी ओल्या हातानंच फोन बघितला.

"आलीय, भावजी. पर आज पाळी माझी हाय."