मेसमध्ये एक वाजताची सभा

विमानातून चंदीगड चौकटीच्या वहीसारखं दिसलं. मला शिस्त आवडते; पण इतक्या सरळ शहरात रस्ता चुकायचा तरी कसा आणि विचारायच्या निमित्ताने बोलायचं कोणाशी, असं वाटून गेलं.

धाकटा भाऊ सुरेश केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर इथे आलेला. घर विमानतळाजवळ, एयरोसिटीत. वहिनीने झुणका केला होता, सोबत तंदुरी रोटी. हा जोड काही शोभत नाही, पण मी तीन रोट्या खाल्ल्या. जेवताना सुरेशने त्याच्या मुलीचा, मुक्ताचा विषय काढला.

"ताई, मुक्ता त्या समाजवादी विद्यार्थी संघटनेत गेलीय. जगभर शाखा आहेत म्हणे. माझी सरकारी नोकरी! तूच समजाव तिला."

"आत्या को भी मीटिंग में ले चलूँगी," मुक्ता म्हणाली. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते; आमचं छान जमतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या विद्यापीठात गेले. झाडाखाली दहाबारा मुलं-मुली बसली होती. पद्धत कडक: हात वर करायचा, प्रत्येकाला तीन मिनिटं, वेळ फोनवर लावलेली. आधी ब्राझीलच्या शाखेचं पत्र वाचलं गेलं, मग होस्टेलच्या मेसचा प्रश्न आला. सोमवारपासून नवा ठेकेदार येणार, तो आपली माणसं आणणार आणि जुने आठ कामगार घरी बसणार. वॉर्डनने सांगितलं होतं, 'कामगारांनी स्वतः सह्या करून आज संध्याकाळपर्यंत अर्ज द्यावा, मुलांची पत्रकं नकोत.' म्हणून कामगारांना एक वाजता सभेला बोलावलं होतं. सव्वा वाजला तरी कोणी फिरकलं नव्हतं.

"डर गए होंगे," अध्यक्ष झालेली हरप्रीत म्हणाली. लगेच भीतीवर पत्रक काढायची सूचना आली.

मी हात वर केला. मला तीन मिनिटं लागलीच नाहीत. "अगं, एक वाजता ते येणार कसे? एक वाजता ते तुम्हालाच वाढत असतात ना?"

मुक्ताने कपाळाला हात लावला. "आत्या, यार! हमने सोचा ही नहीं." मुलांची सुट्टी एकला, म्हणून सभा एकला!

सभाच मेसमध्ये न्यायची ठरली. त्यासाठीसुद्धा मतदान झालं. माझाही हात मोजला, याचा मला उगाच अभिमान वाटला.

तव्यावर त्या आठांपैकी एक, बलबीर कौर होत्या. हरप्रीत म्हणाली, "बैठो जी, अज्ज असीं वरतावांगे" (बसा, आज आम्ही वाढतो). गुरुद्वाऱ्यात पंगती वाढून या मुलांचे हात तयार झालेले. कामगारांसाठी भराभर चटया अंथरल्या गेल्या. मी राजम्याची बादली घेतली आणि पहिला डाव माझ्याच साडीवर सांडला. मुक्ताने तीन रोट्या जाळल्या. बलबीर कौर बसायला तयारच नव्हत्या; चौथी रोटी नीट फुगल्यावर बसल्या. दोन घास खाऊन म्हणाल्या, "पंद्रह साल हो गए. किसी ने बिठाके नहीं खिलाया. लिखो बेटा, क्या लिखना है."

अर्जावर सहा सह्या झाल्या, दोन अंगठे उमटले. संध्याकाळी वॉर्डनने तो घेतला.

"समजावलंस का तिला?" सुरेशने विचारलं.

"समजावलं ना. सभा किती वाजता घ्यायची ते."

सोमवारी मी वहिनीबरोबर पिंजौरच्या बागेत होते, तेव्हा फोन वाजला. "आत्या, सगळे राहिले! आठही जण!" मुक्ता ओरडत होती, आणि चक्क मराठीत. बागेतली माणसं बघत होती तरी मला रडू आवरलं नाही. पुढची सभा साडेतीनला ठरली होती, भांडी आवरल्यावर. वेळ बलबीर कौरनी दिली होती.

कोल्हापूरला परतले. सकाळी नऊच्या ठोक्याला शोभाताई आल्या. माझ्याकडे त्या नऊ वर्षं पोळ्या करतात. वेळ मी ठरवलेली. त्यांना कधी विचारलंच नव्हतं. विद्यापीठातल्या मुलांना शिकवून आलेल्या मला स्वतःची लाज वाटली.

"शोभाताई, तुम्हाला किती वाजता यायला बरं पडेल?"

त्यांच्या हातातलं लाटणं थांबलं. "का हो काकू? माझं काय चुकलं का?"

"तुमचं नाही. माझं."

"दहाला येऊ?" त्या हळूच म्हणाल्या. "पोरीला शाळेत सोडता येईल."