मंगळावरची सोयरीक

आमच्या तरुणपणी अमरावतीत रविवारी सकाळी इंग्रजी सिनेमा लागायचा आणि मंडळी तो पाहायला जाताना एक इंग्रजीवाला सोबत नेत. त्याला रांगेच्या मधोमध बसवायचं, त्याचं तिकीट सगळ्यांनी मिळून काढायचं आणि पडद्यावर जे बोललं जाईल ते त्याने मोठ्याने वऱ्हाडीत सांगायचं, अशी रीत होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला हे पद माझ्याकडे चालून आलं. मला इंग्रजी वाचता येत होतं. पडद्यावरच्या गोऱ्यांचं बोलणं मात्र शेजारच्या माणसाइतकंच कळायचं, म्हणजे अजिबात नाही. पण इंग्रजीवाल्याने गप्प बसून कसं चालेल?

त्या रविवारी मंगळावर जाणाऱ्या अग्निबाणाचा सिनेमा होता. पहिला भाग सोपा गेला. सगळ्यांच्या डोक्यावर काचेचे टोप, कोण बोलतंय तेच दिसेना. मी कुणाच्याही तोंडी काहीही घातलं. अग्निबाण सुटण्याआधी एका जनरलने लांबलचक भाषण ठोकलं.

"काय म्हून राहिला?" मागून आवाज आला.

"म्हनते, तिकडं पानी उकळून प्या."

लोकांना पटलं.

मग मंगळावरचा दरबार आला. मोठमोठ्या डोक्यांचे, चकचकीत झगे घातलेले म्हातारे गोल करून बसलेले. तेवढ्यात एक टोप निघाला आणि त्याखालून मोकळे केस खांद्यावर आले. थिएटरात गलका झाला, "पोरगी आली, पोरगी!" मीही तिला राजाची मुलगी ठरवून टाकलं. पुढे दहा मिनिटं म्हातारे आमच्या हिरोला प्रश्न विचारत होते आणि तो बिचारा उभ्याने उत्तरं देत होता. वऱ्हाडात असा देखावा एकाच कार्यक्रमात दिसतो. मी सोयरीक लावून दिली. राजा विचारतो, गाव कोणतं, घरी कोण कोण, शिक्षण किती. शेवटी हिरोने छातीवर हात ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तो म्हनते, राजेसाहेब, मले काय इचारता? आधी पोरीले इचारा!"

टाळ्या पडल्या. माझ्या डाव्या हाताला नांदगाव खंडेश्वरकडचे एक फुलबागवाले बसले होते. पहाटे बाजारात झेंडू विकायचा आणि मग सिनेमा, असा त्यांचा रविवार. त्यांनी माझ्या हातावर मूठभर भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या.

"कोन्या गावचे तुमी?"

मी सांगितलं.

"लगन झालं?"

महिन्याभरात मी त्यांच्या ओसरीवर पोह्यांची बशी सांभाळत बसलो होतो. सगळ्या पाहुण्यांदेखत त्यांनी मुलीला विचारलं, "तुले पसंत हाय का?" तिच्या दोन मोठ्या बहिणींना असं कुणी विचारलं नव्हतं. ती "हाव" म्हणाली. लग्नानंतर मला म्हणाली, "त्या मंगळवाल्याचे लई उपकार हायेत माह्यावर." बहिणी भेटल्या की ती ही गोष्ट मान ताठ करून सांगायची आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

बारा-तेरा वर्षं गेली. मी अकोल्यात इंग्रजीचा मास्तर झालो. गोऱ्यांचं बोलणंही आता कळू लागलं होतं. आणि तोच सिनेमा अकोल्यात लागला! मामाजी, म्हणजे माझे सासरे, नेमके आमच्याकडे मुक्कामाला होते. "जवाईबापू, आपला सिनेमा!" म्हणत त्यांनी चहा अर्धा टाकला. बायको जरीकाठाची साडी नेसून माझ्याआधी दारात उभी. त्या माणसाने छातीवर हात ठेवून खरं काय म्हटलं होतं, हे जाणून घ्यायला मी इतकी वर्षं तळमळत होतो. पण ते कळल्यावर बायकोला काय सांगायचं? तिचा सारा ताठा त्या एका वाक्यावर उभा होता.

दुपारच्या खेळाला डावीकडे मामाजी, उजवीकडे बायको आणि मध्ये मी. जनरलच्या भाषणात पाण्याचा थेंबही नव्हता. दरबाराची भिंत रंगवलेल्या पडद्याची होती, पंख्याच्या वाऱ्याने हलत होती. राजाच्या कवटीला मागून शिवण होती. एवढी मजा मी तेव्हा कशी घालवली?

टोप निघाला. केस खांद्यावर आले. मामाजींनी मला कोपर मारलं, "आता तेच ना?" बायकोने माझं मनगट धरलं. हिरोने छातीवर हात ठेवला आणि स्वच्छ इंग्रजीत बोलला. जुनं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण मनगट धरलेलं असताना मला ते म्हणवेना.

"तो म्हनते, या छातीवरच्या नळकांड्यात चारच तासांची हवा उरली."

"काय?"

"चार तासांची हवा, मामाजी."

मामाजी हळहळून म्हणाले, "मास्तरकी करू करू तुमची इंग्रजी गंजली, जवाईबापू." आणि मागच्या रांगेकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाले, "तो म्हून राहिला, आधी पोरीले इचारा!"

"बुढ्याले येते बरं इंग्रजी," मागून कुणीतरी म्हणालं.

बायकोने मनगट सोडलं. खेळ सुटल्यावर आम्ही रसवंतीपाशी आलो. मामाजी रसवाल्याला सोयरीक समजावून सांगण्यात गुंतले, तेव्हा तिने हळूच विचारलं, "मंग त्या पोरीले कोनी इचारलंच नाई?"

"ती राजाची पोरगी नव्हतीच. हिरोसोबत अग्निबाणातून गेलेली डॉक्टरीण होती."

"डाक्टरीन?" रसाचा ग्लास तिच्या हातात तसाच राहिला. "अन् तुमी तिचं लगन लावून राहिले होते?"

"हो."

"मंग ती येवढं काय बोलत होती? तुमी तं सांगतलं होतं, लाजून राहिली."

"म्हाताऱ्यांना झापत होती. तिथल्या झाडांपासून हवा कशी भरून घ्यायची, ते तिनेच शोधलं. परत आले ते तिच्यामुळे."

तिने पदर तोंडाशी नेला. रडते की काय म्हणून मी घाबरलो, तर खांदे हसण्याने हलत होते. "उद्या परत येऊ," ती म्हणाली. "बाबाले घरीच राहू द्या. अन् तुमी तोंड उघडाचं नाई. जे समजलं नाई ते मी इचारीन."

दुसऱ्या दिवशी तिने भरपूर विचारलं. हवा बाटलीत भरतात कशी, ते म्हातारे मुळात पाहुण्यांना जाऊ का देत नव्हते, डॉक्टरणीच्या घरच्यांनी तिला एवढ्या लांब पाठवलं कसं. जमेल तेवढं मी सांगितलं. मग तिने दरबारामागच्या आभाळाकडे बोट दाखवलं. तिथे दोन चंद्र होते. दोनदा सिनेमा पाहून, दोन्ही वेळा बोलण्याच्या नादात, मला एकही दिसला नव्हता.

"इथल्या बायका चतुर्थीचा उपास कोन्या चंद्रावर सोडत असतीन हो?" तिने विचारलं.