लेन्स घालून बेदाण्याच्या शेडपर्यंत, चष्मा लावून साताऱ्यापर्यंत

आत्याचा फोन फेब्रुवारीच्या शेवटी आला. "वैशू, शेडवर बेदाणा तयार झालाय. तुज्या बापाला घिऊन ये. दोन वर्सं झाली, भावाचं तोंड बघितलं न्हाई."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. कवठे महांकाळजवळच्या एका वाडीत राहते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, फौजेत ट्रक चालवत निवृत्त झाले, आता साताऱ्यात आमच्याकडे असतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्टिअरिंग सोडलं आणि गुडघ्यांमुळे एसटीही सुटली. नवऱ्याला रजा नव्हती. म्हणजे गाडी मीच चालवायची, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

मला उणे नऊचा नंबर आहे. बुबुळाचा पडदा पातळ असल्यामुळे लेझरचं ऑपरेशन होत नाही. गेली चोवीस वर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. वर्षभरापासून मात्र दुपार झाली की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, लेन्स डोळ्यावर कागदासारखी वाटते. साताऱ्याच्या डॉक्टरांनी लेन्सवर चालणारे थेंब दिले आणि म्हणाले, "महिन्याभरात फरक पडला नाही, तर लेन्स बंद करावी लागेल." जाड चष्म्यातून कडेचं वाकडं दिसतं, समोरचा ट्रक लहान आणि लांब वाटतो, म्हणून चष्मा लावून मी कधी गाडी चालवलीच नव्हती. लेन्स बंद म्हणजे माझी गाडी बंद, आणि माझी गाडी बंद म्हणजे अण्णांचं कुठेही जाणं बंद.

एक गोष्ट इथे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. "दिवसाला किती तास घालता?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी "आठ-नऊ" म्हणाले होते. खरा आकडा चौदा होता. चुकीच्या माहितीवर दिलेला सल्ला पाळून डोळे बरे होतील अशी अपेक्षा मी करत होते.

पहिला दिवस

सकाळी सात वाजता निघालो. सातारा ते कवठे महांकाळ अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. थांबत गेलं तर पाच तास धरा. महामार्गावर रुंदीकरणाचं काम अजून सुरू आहे. कराडच्या अलीकडे वळणरस्ते, धूळ आणि उसाच्या ट्रॉल्या, असं सगळं एकदमच भेटतं. काचा बंद ठेवल्या. एसीची झडप चेहऱ्यावरून पायाकडे वळवली. लेन्स घालणाऱ्यांनी हे एवढं तरी कराच, अर्ध्या तासात फरक कळतो.

डॉक्टरांचा दुसरा सल्ला होता पापणी पूर्ण मिटण्याचा. रस्त्याकडे किंवा पडद्याकडे टक लावून बघताना आपण पापण्या कमी मिटतो, आणि त्याही अर्ध्याच. म्हणून मी आठवणीने, सावकाश मिटत होते. उंब्रजच्या पुढे अण्णांच्या ते लक्षात आलं.

"झोप आली का गं?"

"नाही अण्णा. डॉक्टरांनी पापण्या मिटायला सांगितल्यात."

"गाडी चालवताना? कुटला डागदर ह्यो? आमाला लडाखात उस्ताद सांगायचा, डोळा मिटला की गाडी दरीत."

"पूर्ण मिटायच्या, पण पटकन. नाहीतर डोळा कोरडा पडतो."

अण्णांनी थोडा विचार केला. मग त्यांचा अंमल सुरू झाला. सरळ रस्ता लागला, पुढे-मागे कोणी नाही असं दिसलं, की ते हुकूम सोडायचे, "मिट!" ट्रॉली दिसली की, "आता नगं! आता नगं!" पेठनाक्यापर्यंत मी फौजी शिस्तीत पापण्या मिटल्या. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीचं सगळ्यात गुणकारी औषध तेच ठरलं.

पेठनाक्याला महामार्ग सोडून सांगलीकडे वळलो. दर दीड तासाला गाडी बाजूला घेऊन थेंब घालत होते. सांगलीत एका साध्या खानावळीत लवकरच जेवून घेतलं. पोटभर भाकरी-भाजी दीडशे रुपयांच्या आत मिळते, ताक मागितलं की पुन्हा वाढतात. अण्णांनी बहिणीसाठी भडंगाचे दोन पुडे घेतले. मिरज ओलांडली की रस्ता रुंद आणि हवा वेगळी. उसाची हिरवाई मागे पडते, माळ सुरू होतो, मध्येच द्राक्षबागा. आणि वारा सुटतो. गरम, अजिबात ओल नसलेला.

बारा-सव्वाबाराला पोचलो. पाणी पिऊन होतंय तोवर आत्याचा मुलगा बाळूदादा म्हणाला, "वैशे, शेड बघाय चल. ह्यो वारा हाय म्हणून बेदाणा हाय बघ. असा कोरडा वारा कृष्णाकाठाला मिळत न्हाई."

ज्या वाऱ्यासाठी ते देवाचे आभार मानत होते, त्यात मी डोळ्यांवर ओल्या लेन्स ठेवून उभी होते.

तेव्हाच चष्मा लावायला हवा होता. लावला नाही, त्याचं कारण जुनं आहे. चोवीस वर्षांपूर्वी याच घरात मला बघायला पाहुणे आले होते. "चष्मा काढून ये गं, भिंग बघून पळतील," असं आत्या म्हणाली. मी काढला. मोठ्यांच्या पाया पडायचं होतं. समोर सगळे धूसर. मी अदबीने वाकले आणि मीटर रीडिंगला आलेल्या, चहासाठी बसवून घेतलेल्या वायरमनच्या पाया पडले. त्या भल्या माणसाने "सुखी राहा" म्हणून आशीर्वादही दिला. पाहुण्यांनी उठताना "मुलीला दिसतं का?" एवढंच विचारलं. त्यानंतरच्या पहिल्या पगारात मी लेन्स घेतल्या, आणि या घरात चष्मा लावून पुन्हा कधी आले नाही.

शेड बघण्यासारखी असते, एवढं सांगते. लोखंडी सांगाड्यावर जाळ्यांचे मजले, चहूबाजूंनी हिरवं कापड, आत द्राक्षं पसरलेली. वरच्या मजल्यावर अजून हिरवट, खालच्या मजल्यांवर सुरकुतत चाललेली. जाळी हलवली की वाळलेला बेदाणा सरीसारखा खाली पडतो. शेजारी प्लास्टिकच्या तंबूत गंधकाची धुरी देतात, त्याने रंग पिवळाधमक येतो. दादाने कौतुकाने त्या तंबूचं तोंड उघडलं. "ये, वास घिऊन बघ."

मी पुढे झाले आणि पुढच्या क्षणाला दोन्ही डोळे पेटले. नको तेच केलं, हाताने चोळले. उजवी लेन्स सरकली आणि बुबुळाच्या कडेला चिकटून बसली.

"काय झालं गं?" अण्णा लांबून ओरडले. "कुनी बादली आना!"

आत्या धावत आली, हातात पाण्याचा तांब्या. "मार हबका!"

"नाही आत्या! लेन्सवर साधं पाणी चालत नाही."

"मग एरंडेल सोडू का? मी रोज काजळात घालती."

"आत्या, काहीच नको. मला साबण दे आणि पाच मिनिटं दे."

हात धुतले, पुसले. थेंब घातले, थांबले, मिटले, पुन्हा थेंब. चिकटलेली लेन्स ओढायची नाही, ती ओली होऊन हलू लागेपर्यंत थांबायचं, हे मला माहीत होतं. ती पाच मिनिटं फार मोठी होती. शेवटी लेन्स हलली. दोन्ही काढल्या आणि ती जोडी तिथेच फेकून दिली. धूसर जगात पिशवीच्या तळाशी हात घालून चष्मा शोधला आणि लावला. लावला तेव्हा आत्या समोरच होती.

ती जवळ आली, माझी हनुवटी धरून बघत राहिली. "व्हय गं, ह्यो कवापास्नं लपवून आनत हुतीस?"

"तूच तर काढायला लावलास, आत्या."

तिने हनुवटी सोडली आणि म्हणाली, "माजी लय चूक झाली पोरी. पन त्यो वायरमन अजून इचारतो बघ, 'ती पोरगी सुखात हाय न्हवं?'"

दादा हसत हसत जाळीवर पडायचा बाकी राहिला. मीही हसले. डोळे मात्र लालभडक होते.

दुसरा दिवस

सकाळी दुखणं नव्हतं, धूसरही दिसत नव्हतं, पण लाली होती. लाल डोळ्यावर लेन्स घालायची नाही. दादाने कवठे महांकाळमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण मुलगी होती, घाईत नव्हती. यंत्रातून बघून म्हणाली, "ओरखडा नाही. नशीब तुमचं. कोरडेपणा मात्र बराच आहे. दिवसाला किती तास लेन्स घालता?"

अण्णा शेजारच्या खुर्चीवर बसले होते. मी म्हणाले, "चौदा. साताऱ्यात आठ-नऊ सांगितले होते."

"आणि लाली घालवायला मेडिकलमधून काही आणून घालता?"

"कधीकधी. समारंभ असला की."

"ते बंद. त्याने लाली झाकते, कोरडेपणा तसाच राहतो. आठवडाभर फक्त चष्मा आणि हे थेंब. मग साताऱ्याच्या डॉक्टरांना खरा आकडा सांगा. रोज नवी घालून संध्याकाळी फेकायची लेन्स मिळते, तिचं त्यांना विचारा. तास कमी केलेत तर लेन्स सोडावी लागेल असं मला तरी वाटत नाही."

ते वाक्य ऐकून मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. मग विचारलं, "पण आज साताऱ्याला गाडी न्यायचीये. चष्म्याने?"

तिने चष्म्यातून तक्ता वाचून घेतला. शेवटून दुसरी ओळ वाचली. "नंबर बरोबर आहे, दृष्टी पुरेशी आहे. सवय नाही, एवढंच. डोळे फिरवू नका, मान फिरवा."

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "चौदा तास? आमची ड्युटी बी येवढी नव्हती."

मी लगेच निघाले नाही. मला सवय नसताना अण्णांना शेजारी बसवण्याचा हक्क आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत राहिले. दादाला येऊन सोडशील का, असंही विचारलं. तो तयारही होता. पण अण्णा म्हणाले, "आदी माळावर चालवून तर बघ. जमलं न्हाई तर बाळू हायच." मग तासभर वाडीच्या मोकळ्या रस्त्यावर चालवली. अण्णा उस्ताद झाले. "आरसा बघ. मान फिरव. पुरी फिरव. आता त्यो बाभळीचा बुंदा किती लांब?" मी अंदाज सांगायचा, त्यांनी गुडघे सांभाळत, पावलं मोजत जायचं. पहिले तीन अंदाज चुकले, सगळे लांबचे. मग जमू लागले. शेवटी त्यांनी दार उघडलं आणि शेजारी बसून पट्टा लावला.

दुपारी दोनला निघालो, उजेडात घरी पोचायचं म्हणून. साठच्या वर गेले नाही. मागच्यांनी हॉर्न दिले, दिले तर दिले. धूळ आली, वारा आला, डोळ्यांना कशाचाच त्रास नव्हता. कडा वाकड्या दिसतच होत्या, त्यांच्याकडे मान वळवत गेले. कराडला चहा घेतला तेव्हा लक्षात आलं, शंभर किलोमीटरच्या वर मी आले होते.

घरी

तुम्ही हा प्रवास करणार असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, तेव्हा शेडवर बेदाणा असतो. लेन्स घालत असाल तर चष्मा पिशवीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा, धुरीपासून लांब राहा, आणि डॉक्टरांना खरा आकडा सांगा.

मी सांगितला. डॉक्टर रागावले नाहीत. लेन्स बदलून दिली, दिवसाला आठ तासांची मुभा दिली. महिना झाला, वाळूची टोचणी जवळपास गेली आहे. सगळं बरं झालं असं म्हणत नाही, शाळेत परीक्षेचे पेपर तपासायचे दिवस आले की अजून जळजळतं.

परवा नाश्त्याला अण्णा म्हणाले, "शिराळ्याला माजा पल्टनीतला दोस्त हाय. आजारी हाय म्हनं."

"कधी जायचं?" मी विचारलं, आणि किल्ली घ्यायला उठले. डोळ्यांवर लेन्स आहे की चष्मा, हे बघायचं मला गाडी सुरू केल्यावर आठवलं.